उरलेली चावी

वैभवी : ...तीनदा, आबाजी! चिमट्यानं जरासं टोचलं, अन् टक्. परत टोचलं, परत टक्. मेलेलं घड्याळ टक् करते काय? मी तर खुर्चीवरून उडलीच!

नत्थूजी : बस पहिले. चपला तशाच घालून घरात घुसली. काय उघडून आणलं? मागच्या रविवारी बाजारातून भंगारातली चार आणली होती, त्यातलं होय?

वैभवी : नाई. त्यातली तीन तर चालू बी झाली! एकदम कडक. चौथ्याचा एक स्क्रू उडाला, तो काही सापडला नाई. बहुतेक आम्ही पोह्यात खाल्ला. हे वेगळं आहे. बाबांचं.

नत्थूजी : कोणाच्या बाबाचं?

वैभवी : माझ्या! अजून कोणाच्या? हे पाहा. तुम्ही सांगता तसं थाळीतच आणलं, वरून वाटी झाकून. चौकातून अशी हळूहळू चालत आली, का लोकायले वाटलं पोट्टी खीर घेऊन चालली.

नत्थूजी : धम्मानंदचं घड्याळ.

वैभवी : तुम्ही ओळखलं?

नत्थूजी : तुझ्या मायले माहीत आहे?

वैभवी : नाई ना! ती भांडी घासून राहिली होती तेव्हा मी गुपचूप उघडलं. मग ती विहारात गेली, रविवारची वंदना असते, अन् मी इकडं पळाली. सरप्राइज आहे. पुढच्या रविवारी तिचा वाढदिवस.

नत्थूजी : दुसरं काही सुचलं नाई देण्यासाठी? साडी, गिडी?

वैभवी : आबाजी, तुम्हाले माहीत नाई ती काय करते. पंधरा दिवसांतून एकदा कपाटातून स्टीलची डबी काढते, अन् घड्याळ कानाले लावून बसते. बंद घड्याळ! लहानपणी मले लय भेव वाटे. वाटे, आतून कोणी बोलते हिच्याशी. विचारलं तर म्हणे, "ते गेले तेव्हाच हे बंद पडलं." बस्स. बाबांबद्दल तेवढं एकच वाक्य. भिंतीवरच्या फोटोत आहे तेवढाच माझा बाप. म्हटलं, चालूच करून देते. मग तरी काही बोलन.

नत्थूजी : तू काय काय केलं, क्रमानं सांग. एकबी गोष्ट गाळू नको.

वैभवी : मांडीवर चादर, टेबलाले पिना लावून, म्हणजे काही पडलं तर त्यातच पडन. मोबाइलमधे फोटो. मग मागचं झाकण. डोळ्याले भिंग. अन् पाहते तर काय, बॅलन्सच नाई! ते गोल चाक नसते का, इकडून तिकडं झुलते, तुम्ही त्याले घड्याळाचा श्वास म्हणता? तेच गायब. बाकी सगळं जागच्या जागी, चकाचक. आपोआप निघालं असतं तर आतच सापडलं असतं. म्हणजे कोणीतरी काढलं. चोरी, आबाजी! सीधी सीधी चोरी!

नत्थूजी : ते राहू दे. त्याच्या पहिलेचं सांग. मी तुले पहिला धडा कोणता दिला होता?

वैभवी : कोणता?

नत्थूजी : झाकण काढलं. आता कशालेच हात लावायच्या आधी काय करायचं?

वैभवी : चावी उतरवायची. आतली ताणलेली स्प्रिंग हळूहळू सोडून द्यायची. नाईतर चाकं गर्रकन फिरतात अन् दाते तुटतात. मोबाइलवरचा घड्याळवाला बी हेच सांगते, दर व्हिडिओत.

नत्थूजी : मग? उतरवली?

वैभवी : रागवू नका ना.

नत्थूजी : वैभवी. उतरवली का नाई उतरवली?

वैभवी : नाई उतरवली! विसरली! तेरा वर्षांपासून बंद, त्यात काय चावी असणार, असं वाटलं मले. सॉरी. आता कधीच नाई विसरणार, शपथ... आबाजी? अहो, तुम्ही रडून राहिले काय?

नत्थूजी : पाणी दे. माठातलं.

वैभवी : घ्या. एवढी मोठी चूक होती?

नत्थूजी : पन्नास वर्षं झाली हे काम करून. कोणी धडा विसरला तर मी त्याच्या पाठीत धपाटा घालत होतो. आज पहिल्यांदा वाटते, बरं झालं विसरली. जा, त्या अलमारीच्या खालच्या खणात कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी आहे. चिठ्ठी चिकटवलेली. घेऊन ये.

वैभवी : ही? "धम्मानंद मेश्राम." हे तर तुमचं अक्षर... आत काय आहे? कापूस. अन् कापसात... आबाजी. हा बॅलन्स आहे.

नत्थूजी : हाव.

वैभवी : चोर तुम्ही?

नत्थूजी : मीच. ठेव ते थाळीत, हलक्या हातानं. अन् ऐक. मी हे कोणाले सांगणार नाई असं बोललो होतो. पण तू टोचून टोचून आत पोचलीच आहे, तर आता काय लपवू.

वैभवी : सांगा ना.

नत्थूजी : तेव्हा सदर बाजारात फुटपाथवर माझं टेबल होतं. सकाळी साडेआठले पेटी उघडून राहिलो, तर तुझी माय समोर उभी. पायात चप्पल नाई. एक मूठ बंद. आदल्या दिवशी तुझा बाप हिंगण्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून येत होता, रस्त्यात गाडी घसरली. धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी गेला. हे सगळ्या वस्तीले माहीत होतं. घरी मयत ठेवलेली, बाया बसलेल्या, अन् ही इंदोऱ्याहून सदरपर्यंत पायी आली. मूठ उघडली. घड्याळ चालू होतं.

वैभवी : चालू? पण आई तर म्हणते...

नत्थूजी : काचेले ओरखडा बी नाई. मस्त टिकटिक करून राहिलं होतं. मले म्हणे, "काकाजी, बंद करून द्या." मी म्हटलं, अवं बाई, हे चावीचं घड्याळ. ठेवून दे, चावी संपली का आपोआप बंद पडन. तर म्हणे, "तेच नाई पाहिजे. ही त्यांनी दिलेली चावी आहे. काल सकाळी सहाची. ती संपायच्या आत बंद करा."

वैभवी : मग?

नत्थूजी : मग काय. बॅलन्स काढला का बाकीची चाकं जागेवरच अडकतात. स्प्रिंग तशीच ताणलेली राहते. चावी आतल्या आत थांबते. पन्नास वर्षांत लोक म्हणाले, चालू करून द्या. एकटी हीच म्हणाली, बंद करून द्या. अन् मी करून दिलं.

वैभवी : म्हणजे सकाळी ते टक् झालं... तो जोर...

नत्थूजी : तुझ्या बापाच्या बोटांचा.

वैभवी : अन् मी टोचून टोचून तीन उडवले.

नत्थूजी : चावी उतरवली असती, तर सगळेच उडाले असते. एका मिनिटात. तुले कळलं बी नसतं.

(दार ढकलल्याचा आवाज. उंबऱ्यात वैभवीची आई माया उभी, पांढऱ्या साडीत. हातात उघडी, रिकामी स्टीलची डबी.)

वैभवी : आई! मी तुले सांगणारच होती...

माया : कितीदा?

वैभवी : काय कितीदा?

माया : मी भांडी घासून राहिली होती. नळ फुल चालू. त्या आवाजात मले टक् ऐकू आलं. मग अजून एकदा. मग अजून. नळ बंद केला तर काहीच नाई. म्हटलं, कान वाजले. विहारात बसली, तर डोळे मिटले का तेच. अर्ध्या वंदनेतून उठली. घरी येऊन पाहते तर डबी उघडी, तशीच इकडं आली.

नत्थूजी : एवढा बारीक आवाज दुसऱ्या खोलीत जात नाई, माया.

माया : मले माहीत आहे, काकाजी.

वैभवी : तीनदा, आई. फक्त तीनदा. बाकी सगळं आत आहे. मी चावी उतरवायची विसरली.

माया : विसरली?

नत्थूजी : विसरली. बापावर गेली.

वैभवी : बाबा विसरभोळे होते? आई? ...पाहा, आबाजी. हे असंच असते. मी विचारलं का हिचा चेहरा बंद दुकानासारखा होते.

माया : घरी चल. घड्याळ दे.

वैभवी : नाई देत. पहिले सांग, त्याले कान लावून तू काय ऐकते?

माया : काहीच ऐकू येत नाई.

वैभवी : मग?

माया : आत आहे, अन् बोलत नाई. तेवढं ऐकते.

वैभवी : तुझ्याजवळ निदान डबी तरी आहे. माझ्याजवळ काय आहे? मी दोन वर्षांची होती. मले त्यांचा आवाज माहीत नाई. ते पोहे तिखट खात होते का गोड, माहीत नाई. मले काय म्हणून हाक मारत होते, ते बी नाई. शाळेत "माझे वडील" निबंध आला, तर मी सगळा खोटा लिहिला, आई. दहापैकी नऊ मार्क भेटले.

माया : ...सांगितलं का कमी होते, असं वाटे मले. एक गोष्ट बोलली, का ती गेली. मोजक्याच तर आहेत. चार वर्षांचा संसार.

नत्थूजी : माया, आता मी बोलू? स्प्रिंग लोखंडाचीच आहे. तेरा वर्षं ताणून ताणून थकते ती. तू आणलं तेव्हा दहा-बारा तासांची चावी उरली होती. आता सहा-सात तासांची असन. अजून दहा वर्षांनी तीबी नसन. ठेवून ठेवून बी ते संपूनच राहिलं, बाई.

माया : हे तुम्ही मले तेव्हा नाई सांगितलं.

नत्थूजी : तेव्हा तुझ्या पायाकडं पाहिलं मी. सांगायची हिंमत नाई झाली.

माया : ...लावून द्या मग.

नत्थूजी : मी? हा हात पाहा. चहाचा कप धरला का बशीत पाऊस पडते. ही लावन.

वैभवी : मी? नाई नाई नाई! त्या चाकाची स्प्रिंग केसापेक्षा बारीक असते. जराशी वाकली तर संपलं! मी पोह्यात स्क्रू टाकणारी...

माया : त्या दिवशी तीन घड्याळं माझ्या कानाले लावली होती ना तू? नाचून राहिली होती घरभर.

वैभवी : ती भंगारातली होती!

माया : लाव. मी टॉर्च धरते.

नत्थूजी : भिंग लाव. पहिले श्वास सोड, मग चिमटा उचल. चाकाले नको धरू, वरच्या पट्टीले धर. चाक खाली लोंबू दे, घाबरू नको, ते तसंच लोंबते.

वैभवी : आई, टॉर्च हलवू नको.

माया : मी नाई हलवत. थांब, दोन्ही हातांनी धरते.

नत्थूजी : चाकाखाली बारीक लाल खडा दिसते? तो लिव्हरच्या, त्या बारीक दांडीच्या, खाचेत गेला पाहिजे. उतरव. अजून. अजून थोडं.

वैभवी : नाई बसून राहिलं.

नत्थूजी : जबरदस्ती नाई करायची. वाट पाहायची. थाळीले जरासा धक्का दे, करंगळीनं.

वैभवी : आबाजी, ते... ते हललं. मी नाई हलवलं. आपोआप...

माया : थांब. कोणी बोलू नका.

(थाळीतून टिकटिक.)

माया : तोच आहे. तोच आवाज आहे.

नत्थूजी : तेल सुकलं असन, तरी चालून राहिलं पाहा. शाबास, पोरी. आता पट्टीचा स्क्रू लाव. हा पोह्यात नको टाकू. अन् काटे फिरवून वेळ जुळवून घे, साडेअकरा झाले.

माया : काटे राहू द्या.

नत्थूजी : बरं. राहू दे. मी आत चहाचं पाहतो. दूध उतू गेल्याशिवाय बाहेर येत नाई मी.

वैभवी : आई, रडू नको ना. मी परत काढू शकते. आत्ता काढते, म्हटलं तर.

माया : नको. सहा-सात तास म्हणाले ना काकाजी? बस इथं. विचार.

वैभवी : काय विचारू?

माया : काहीबी. हे चालू आहे तोवर सांगते.

वैभवी : एवढे प्रश्न होते माझ्याजवळ. वहीभर. आता एकबी आठवून नाई राहिला.

माया : घाई नाई.

वैभवी : ...त्या दिवशी सकाळी. चावी दिली तेव्हा. बाबा बसले होते का उभे होते?

माया : उभे. नळाजवळ, तोंड धुऊन, माझ्याकडं पाठ करून. चेहरा नाई दिसला मले. मान दिसली. ओली होती.