कोल्ह्याच्या कपाटाला मुशीचं तेल

उन्नती : बाबा, खरं सांगा. हा वास कसला येतोय?

धर्माजी : कसला वास? मला तं नाय येत.

उन्नती : लिफ्टपर्यंत येतोय! शेजारच्या भाभींनी नाकाला ओढणी लावून विचारलं, घर में कुछ मर गया क्या?

धर्माजी : त्यांना आपल्याकडं अंडं फुटलं तरी कोणतरी मेल्यासारखं वाटतं.

अनुज : बाबा, तू काय केलंस? आम्ही हिच्या आईकडे माहीमला गेलो, तुला एकच काम सांगून गेलो. बाळाच्या कपाटाला पांढऱ्या प्रायमरचा एक हात मार.

धर्माजी : मारला ना. बघ की. बगळ्यासारखं पांढरंफेक झालंय.

अनुज : मग वास?

धर्माजी : तो आतला. बाहेरून सूनबाईचा प्रायमर, खणांना आतून आपलं तेल.

अनुज : आपलं म्हणजे कुठलं?

धर्माजी : मुशीचं.

अनुज : मुशीचं! उन्नती, तू बाहेर हो. खिडक्या उघड सगळ्या.

उन्नती : खिडक्या कशा उघडू? या वेळेला बोईसरच्या सगळ्या कंपन्यांचा वास आत येतो. आणि मुशी म्हणजे?

अनुज : मासा गं. मोठा. त्याच्या काळजाचं तेल काढतात आणि होडीला चोपडतात. लहानपणी बाबा मला डबा धरायला लावायचा... थांब, मला उमळतंय.

धर्माजी : बघा! तांडेलाचा पोरगा! बापानं जन्मभर होडी हाकली आणि ह्याला तेलाच्या वासानं उमळतंय. आणि जिला सातव्या महिन्यात उमळायचा हक्क हाय, ती बघ कशी खणात डोकं घालून उभी हाय.

उन्नती : मला रागानं काही सुचत नाहीये, म्हणून उभी आहे. बाबा, ही होडी नाही. हे ड्रेसर आहे.

धर्माजी : ठाव हाय मला. लाकूड बघितलंस का पण त्याचं? कॉलनी सोडून जाणारी बाई स्वस्तात देऊन गेली, ती उगाच नाय. खालच्या खणाला कीड होती. तिथं माज्या नातवाची टोपडी ठेवणार तुमी? मंग मी होडीला करतो तेच केलं. एक हात दिला, वाळवला, दुसरा दिला. आता हे कपाट समुद्रात टाकलंत तरी कुजायचं नाय.

उन्नती : ते समुद्रात टाकायचं नाहीये, बाबा! बाळाच्या खोलीत ठेवायचंय!

धर्माजी : माज्या खोलीत.

अनुज : बाबा, झालंय ना आपलं बोलणं.

धर्माजी : झालंय की. परवा नामदेवचा टेम्पो येतोय, माजी खाट आणि ट्रंक गावी मुरब्याला न्यायला. वासाची कशाला काळजी करता? माज्याबरोबर तो पण जाईल.

उन्नती : असं नका ना बोलू. थोड्या महिन्यांचा प्रश्न आहे. तिथे तुमची लेक आहे, जागृतीताई, घरासमोर समुद्र आहे. तुम्हालाच इथे कोंडल्यासारखं होतं, म्हणत होतात.

धर्माजी : ते पयल्या वर्षी म्हटलं होतं. आता नाय होत. पोर येईपर्यंत हॉलमदी पडून राहतो, असं पण म्हटलं होतं मी. ते कुणी ऐकलं नाय.

अनुज : हॉलमध्ये बाळाचा तंबू येणार आहे ना.

धर्माजी : हां. तंबू. पोराला खोली, कोल्ह्याला खोली, हरणाला खोली. उरलेल्या जागेत तंबू. म्हाताऱ्याला मुरबं.

उन्नती : कोल्हा म्हणजे ती थीम आहे. जंगल. बाळानं निसर्गात वाढावं म्हणून. वरच्या खणावर पाइनची झाडं, मधल्यावर हरीण आणि अळंबी, खालच्यावर कोल्हा. मुठी खऱ्या फांद्यांच्या, ऑनलाइन मागवल्यात.

धर्माजी : फांद्या मागवल्या?

उन्नती : सँड केलेल्या असतात.

धर्माजी : आणि हे पाइन म्हणजे?

अनुज : आपल्या किनाऱ्यावर सुरूची झाडं असतात ना, तसंच काहीसं. थंड मुलखातलं.

धर्माजी : मंग सुरूच काढा की. आणि कोल्हा कशाला पोराच्या उशाला? कोल्हा मला चांगला ठाव हाय. तिवरांतून यायचा, वलांडीवर वाळत घातलेले बोंबील खालून ओढून न्यायचा. तुजी सासू काठी घेऊन त्याच्या मागं पळायची. तिनं ज्याला हाकलला, तो आता तिच्या नातवाला झोपवणार?

उन्नती : हा गोड कोल्हा आहे. त्याच्या गळ्यात मफलर आहे.

धर्माजी : बोईसरमदी?

अनुज : बाबा, पुरे. उद्या डोहाळजेवण आहे. हिची मैत्रीण सपना कॅमेरा घेऊन येणार आहे, खोली दाखवायला. लोक हिचं कपाटाचं काम पहिल्यापासून मोबाइलवर बघतायत. आधी कसं होतं, घासलं कसं, सगळं. उद्या पूर्ण झालेलं दाखवायचंय.

धर्माजी : कोण लोक?

उन्नती : आहेत हो पुष्कळ.

धर्माजी : ते येणार हायत का पोराला आंघोळ घालायला?

उन्नती : अनुज, यांना सांग तू.

अनुज : काय सांगू? मी वासाचं बघतो. कंपनीतून बाटली आणलीय मी, खोलीत मारायला. पाइन फॉरेस्ट. आमच्याकडे फरशीच्या फिनाइलमध्ये घालतात तोच सुगंध, पण हा एक्स्पोर्टचा.

धर्माजी : म्हणजे जंगल काढणार ही, आणि जंगलाचा वास आणणार तू एमआयडीसीतून.

अनुज : बघ, मारतो. एक. दोन. हा घे, आतून पण.

उन्नती : ...अनुज.

अनुज : हं?

उन्नती : आता फिनाइलनं धुतलेला मासळीबाजार झालाय.

धर्माजी : धुतात तो बाजार. एवढा वास तिथं नाय येत.

अनुज : थांब, खायचा सोडा टाकू. कॉफी टाकू. हिनंच दाखवलं होतं एका व्हिडिओत.

उन्नती : ते सिगरेटच्या वासाला. बाबा, हा वास जातो कधी?

धर्माजी : माज्या बापाची होडी मोडली, तिचं आमी जळण केलं. त्या वर्षी चुलीवरच्या भाकरीला पण वास यायचा.

उन्नती : म्हणजे जातच नाही.

धर्माजी : जातो. आपल्याला कळायचा बंद होतो.

अनुज : बाबा, खरं सांग. तू मुद्दाम केलंस ना हे? जायचं नाही म्हणून?

धर्माजी : मुद्दाम केलं असतं तं बाहेरून पण लावलं असतं.

उन्नती : अनुज, काहीही काय बोलतोस!

धर्माजी : बोलू दे गं. ऐक, पोरा. आपल्यात पोर यायच्या आधी नवं काय घरात आणत नाय. तुमी कपाट आणलंत तरी मी गप्प बसलो, कारण ते जुनं होतं. मंग हिनं सांगितलं, त्याला नवं करायचं. तरी गप्प बसलो. मंग म्हणाली, नवं करून झालं की कडांना काचपेपर मारून पुन्हा जुनं दाखवायचं.

उन्नती : तशी पद्धत आहे. व्हिंटेज.

धर्माजी : असेल. मला एवढंच कळलं, की म्हाताऱ्याला दोन दिवस राहिलेत आणि पोराच्या नावानं ह्या घरात माज्या हातचं काय नाय. आमच्यात होडी पाण्यात घालायच्या आधी घरातला मोठा माणूस तेलाचा हात देतो. दिला मी. चुकलं असेल.

अनुज : उन्नती, तू रडू नको. डॉक्टरांनी सांगितलंय.

उन्नती : रडत नाहीये. फिनाइल झोंबतंय डोळ्यांना.

अनुज : माझ्याकडे आयडिया आहे. लोकांना काय दिसतं? खणांची तोंडं. त्यांना तेल नाही लागलेलं ना?

धर्माजी : नाय. तिथं प्रायमर हाय.

अनुज : मग खालच्या दुकानातल्या सुताराला, रामकिसनला, आत्ता बोलावतो. खणांची तोंडं तेवढी काढून सांगाड्यावर ठोकून घेऊ. मागची पोटं काढून टाकू. तोंडांवर कोल्हा, हरीण, पाइन. फोटोत फरक कळणार नाही.

उन्नती : आणि कुणी खण ओढला तर?

अनुज : कोण ओढणार? खोलीत लोक हात लावत नाहीत, बघतात.

धर्माजी : म्हणजे कपाट दिसायचं, पण उघडायचं नाय.

अनुज : सध्या. तू जाताना पोटं टेम्पोत घेऊन जा. मुरब्याला उन्हात पडतील.

धर्माजी : नेतो. तोंडं तुमी ठेवा, पोटं मी नेतो. माज्या ट्रंकेच्या बाजूला मावतील.

उन्नती : थांबा जरा. बाळाचे कपडे मग कशात ठेवायचे?

अनुज : कपडे? कपडे... अजून आहेत कुठे? आधी आणायचे नाहीत ना.

उन्नती : येतील की. बाळ आल्यावर येतील. लंगोट, टोपडी, झबली. मी हे कपाट घेतलं ते कपड्यांसाठी घेतलं, अनुज. कोल्हा नंतर सुचला.

अनुज : तात्पुरतं काहीतरी करू. प्लास्टिकचा डबा आणू.

धर्माजी : डबा कशाला? खण हायत की. मुरब्याला. आतून कीड नाय, वाळवी नाय. तिकडं त्यांचा वास पण कुणाला कळायचा नाय. कपडे तिकडं ठेवा.

उन्नती : बाबा, बाळाचे कपडे रोज लागतात.

धर्माजी : मंग रोज या.

(कोपऱ्यातलं, बाळाला झोपवायला आणलेलं लाटांच्या आवाजाचं यंत्र कुणाचा तरी पाय लागून सुरू होतं.)

धर्माजी : हे काय वाजतंय?

अनुज : समुद्र. त्यात सात समुद्र आहेत. बटण दाबून बदलता येतात.

धर्माजी : आपला हाय का त्यात?

अनुज : नाही. बंद कर उन्नती ते.

उन्नती : अनुज, एक सांगू? हसू नकोस. गेले कित्येक महिने मला वरणाच्या फोडणीचा वास चालत नाही. तुझ्या शर्टाचा चालत नाही. प्रायमरचा तर नाहीच, म्हणून ते काम बाबांवर टाकून गेले. आणि या खणापाशी मी मघापासून उभी आहे, मला काही होत नाहीये. उलट भूक लागलीय.

धर्माजी : कसली?

उन्नती : सुके बोंबील. भाजून. भाकरीबरोबर.

अनुज : आत्ता? या वासात?

उन्नती : या वासामुळेच. बाबा, आहेत का घरात?

धर्माजी : तूच म्हणाली होतीस घरात ठेवू नका म्हणून.

उन्नती : मी विचारलं, आहेत का.

धर्माजी : ...माज्या ट्रंकेत हायत. तळाला. पेपरात गुंडाळून.

अनुज : बाबा!

धर्माजी : लुंग्यांच्या खाली हायत रे. कुणाला वास नाय आला इतके दिवस.

उन्नती : काढा. आणि अनुज, रामकिसनला बोलावू नकोस. तोंडं काढायची नाहीत.

अनुज : मग उद्या सपना काय दाखवणार?

उन्नती : आहे तसं. कोल्हा मी रात्री काढते. मफलर नाही काढत, त्याला बोईसरमध्ये उकडेल. त्याच्या डोक्यावर, मधल्या खणावर, हरणाऐवजी काय ते... बाबा, काय म्हणालात? बोंबील वाळत घालतात ते?

धर्माजी : वलांडी.

उन्नती : ती कशी दिसते ते मला काढून दाखवा. आणि वरती सुरू. लोकांना सांगू, थीम बदलली. त्यांना काय, ते याला पण छान म्हणतील.

धर्माजी : कोल्ह्याच्या मागं एक बाई काढशील काठीवाली?

उन्नती : काढते. साडी कुठल्या रंगाची?

धर्माजी : हिरवी. तिला हिरवीच आवडायची.

अनुज : सगळं ठीक आहे, पण वासाचं काय? जन्मलेल्या बाळाला त्या वासात ठेवणार आहेस? आई काय म्हणेल तुझी?

उन्नती : नाही ठेवणार. तेच तर सांगतेय. वास असलेलं कपाट बाळाच्या खोलीत ठेवता येत नाही. ते बाबांच्या खोलीत राहील.

अनुज : पण बाबांची खोली हीच बाळाची खोली...

उन्नती : बाळ सध्या आपल्याजवळ झोपेल. रात्री दूध पाजायला उठून मी इतक्या लांब येणार आहे का? तू येणार आहेस? आणि रोज सकाळी कपडे काढायला मी बाबांच्या खोलीत येईन. मुरब्यापेक्षा जवळ पडेल.

अनुज : नामदेवला काय सांगू मग?

उन्नती : परवा टेम्पो नको म्हणावं.

अनुज : तो विचारेल, मग कधी?

उन्नती : वास गेल्यावर.

अनुज : आणि वास गेला, हे ठरवणार कोण? माझं नाक तर आजच गेलंय.

उन्नती : बाबा ठरवतील. बाबा, रोज खण उघडून हुंगायचा. वास गेला की मला सांगायचं. मग बोलावू नामदेवला.

धर्माजी : मी सांगायचं?

उन्नती : तुम्हीच. बघा बरं, आत्ता येतोय का?

धर्माजी : ...येतोय. चांगलाच येतोय.