सरव्याचा हक्क

अध्यक्ष रेव्हरंड गुलाबराव, व्यासपीठावर बसलेले मंडळीचे कारभारी गोपीचंदजी, आज आपण जिला निरोप देत आहोत ती माझी मैत्रीण गिरजाबाई, आणि समोरच्या बंधुभगिनींनो,

मुख्याध्यापिका असले तरी मी कागद पाहून बोलत नाही. आज लिहून आणलं, कारण निमंत्रणपत्रिकेत छापलं आहे : ‘गरीब स्त्रियांना मंचावर बोलावून गिरजाबाईंच्या हस्ते घोंगडीवाटप.’ ते वाचून गप्प बसणं मला जमलं नाही.

मिशनच्या मडमसाहेब स्वदेशी परतल्या तेव्हापासून आपलं वसतिगृह आणि जऊळक्याच्या वाटेवरचं मिशनचं वावर गिरजाबाईंनीच सांभाळलं. सोंगणीला बांधालगतच्या ज्वारीला त्या विळा लावू देत नसत. खाली पडलेलं कणीसही उचलायचं नाही. गडी कुरकुरले की म्हणत, “पाखराले सोडता, मंग मानसाले काहून नाई?” तो सरवा वेचायला वस्तीवरच्या बाया येत. त्यांना धर्म कुणी विचारला नाही. ख्रिस्ताने दान गुपचूप करायला सांगितलं. गिरजाबाईंनी ते इतकं गुपचूप केलं की घेणारीलाही ते दान वाटलं नाही.

त्या बायांत भुरीबाई असे.

“गिरजे, तुह्या देवाले सांग, कनसं वरच राहू दे म्हना. वाकून वाकून कंबर गेली माही!”

“मंग गुडघ्यावर बसून वेच. तेवढीच प्रार्थना होईन!”

आणि दोघी हसत.

गेल्या वर्षी गिरजाबाई आजारी पडल्या. आपण काय केलं? वाटप शिस्तीत व्हावं म्हणून बांधही कापला, सरवाही गोळा केला, आणि नाताळात पोती चर्चमध्ये आणली. गोपीचंदजींनी, चांगल्याच मनाने, पुकारा केला : “गरीब विधवा भुरीबाई!” आपण टाळ्या वाजवल्या. ती पुढे आली आणि म्हणाली, “वेचत होती तवा मी नुसती भुरी होती जी. आता गरीब कायले केलं मले?” ज्वारी तिथेच ठेवून ती गेली.

यंदा बांध पुन्हा राखला. बाकीच्या बाया आल्या, वेचून गेल्या; भुरीबाई आली नाही, आणि ती नेहमी वेचायची त्या दोन ओळींना मात्र कुणी हात लावला नाही. गिरजाबाई रोज दुपारी बांधावर बसून राहिल्या. परतल्या की मी विचारायच्या आत म्हणत, “नाई आली वो, बाई.” मी म्हटलं, निरोप धाडू. तर म्हणाल्या, “बलावलं का ते वाटपच झालं. तिचा हक्क हाय, तिनं आपल्या पायानं यावं.”

उद्या त्या लेकीकडे इंझोरीला जातील. भेट राहूनच गेली.

मग आज पुन्हा पुकारा करायचा? गोपीचंदजी, मागे वळून पाहू नका. घोंगड्या तिथे नाहीत. सकाळीच आपल्या बायकांनी त्या घरोघर पोचवल्या. भुरीबाईकडे तेवढी पाठवली नाही. गिरजाबाईंनी नको म्हटलं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, मी आभारी आहे. शब्द कडक गेला असेल तर वर्गातली सवय समजून पोटात घाला.

आता गिरजाबाईंनी माझ्याकडे सोपवलं ते सर्वांसमक्ष सांगते. कोठीची किल्ली. पायली. विळे, धार लावलेले. बांधालगतच्या ज्वारीच्या दोन ओळी, उभ्या. निम्मी कणसं पाखरांनी खाल्ली आहेत, तरी कापायच्या नाहीत. आणि दुपारचं बांधावर बसणं.