नातीची पहिली हाक

अहो, काल काय झालं ऐका! मुलाची दीड वर्षांची लेक बागलीहून देवासला आमच्याकडे आलीय. तिच्या घरी सगळं हिंदीच, म्हणून आठवडाभर मी तिला "आजोबा" शिकवतोय. पोर नुसती हसते. जन्मभर भाषाशास्त्र शिकवलं, तेही असंच वाया गेलं की काय, अशी मला धास्ती!

काल दूधवाल्यानं दारातून रोजची हाक मारली, "भिया, दूध!" इकडे "भैया"चं "भिया" होतं. मी "ओ" देऊन पातेलं घेऊन धावलो. दूध घेऊन वळतो, तर समोर नात.

"भिया!"

"ओ!" मी चटकन म्हणालो.

बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, ओ काय देता? आता जन्मभर हेच म्हणेल ती!"

मी पातेलं खाली ठेवून नातीपुढे बसलो. "बाळ, पुन्हा एकदा हाक मार बघू!"