काकांची शेवटची ओळ

काचीगुड्याच्या स्टेशनात मनमाडची गाडी लेट होती. माझ्या बाकावर एक काकू आणि तिचा पुतण्या बसले होते. त्याचे काका परवा वारले होते. रविवारी त्यांची स्मरण-उपासना होती आणि पाद्रीसाहेब याच गाडीनं येणार होते. तोवर गीतं ठरवायची होती.

"काकू, एक विलायती चालीचं घेऊ, एक भजन."

"भजन ते, नदीपलीकडच्या देशाचं."

"ते नक्को! त्यात काका किती मागं पडायचे. अख्खी मंडळी आमेन म्हणून बसायची, आणि हे एकटे शेवटची ओळ गात उभे."

"हौ. मी कोट ओढायची त्यांचा, तरी बसायचे नाहीत."

"लोकं हसायची, काकू."

"आमच्या लग्नातसुद्धा हसली. पाद्री दुसऱ्या प्रश्नावर पोचले, तेव्हा ह्यांनी पहिल्याला होय म्हटलं."

"म्हणून तर दुसरं गीत घेऊ."

"शमुवेल, हेच गीत. पेटी तूच वाजवणार ना?"

"मीच. पण चालीत वाजवीन, काकांसारखं रेंगाळणार नाही."

"चालीतच वाजव. फक्त मंडळी बसली की पेटी बंद करू नको. शेवटची ओळ परत एकदा वाजव, सावकाश."

"आणि गायचं कुणी?"

"कुणीच नाही."

"सगळे बसलेले, आणि नुसती पेटी? नवे पाद्रीसाहेब काय म्हणतील?"

"सगळे नाही. मी उभी असेन."

"...मग थांबू कधी?"

"मी बसले की थांब."