उंटावर पुढे कोण?

ड्युटी संपवून मुक्ता परदेशातल्या ब्युमॉन्ट हॉस्पिटलच्या बसथांब्यावर आली, तर रांगेत तिच्या पुढेच एक मराठी आजी-आजोबा. आजोबा सांगत होते,

"भारतात परतताना दुबईत आपल्या केदारनं अर्ध्या दिवसाची वाळवंटाची सहल बुक करून ठेवलीय. सूर्यास्ताला उंटावर बसवतात म्हणे."

"दोघांना एकाच उंटावर?"

"हो. तू मागे बस, मला घट्ट धर."

"मुळीच नाही. पुढे मी बसणार."

"अगं, घाबरशील."

"स्कूटरवर जन्मभर तुमची पाठच बघितली. सूर्यास्त तरी मला बघू द्या."

"आणि मी काय बघायचं?"

"माझा अंबाडा."

मुक्ताला हसू आवरेना. आजोबा मागे वळले.

"मराठी का गं तू? मग सांग बरं, दुबईत गजरा मिळतो का?"