योद्धा-जादूगाराच्या चाळीस लढाया

वृंदा: चाळीस लढाया लावल्या, दादा. तुझा खेळातला माणूस एकोणतीस हरला.

विनायक: आईला तर म्हणालीस, दादानं छान बनवलाय.

वृंदा: आईला त्याचं चित्र दाखवलं होतं. आकडे नाही.

विनायक: कुणाकडून हरला?

वृंदा: नुसत्या योद्ध्याकडून अठरा वेळा, नुसत्या जादूगाराकडून अकरा. प्रत्येकाशी वीस लढाया. तुझ्या मित्रानं, श्यामसुंदरनं, अमेरिकेहून पाठवलेल्या खेळाच्या पुस्तिकेतलेच नियम. फासेही त्याचेच.

विनायक: याला तलवार येते आणि मंत्रही येतात.

वृंदा: दोन्ही अर्धं येतं. चिलखत घातलं की मंत्र म्हणता येत नाही. ते उतरवेपर्यंत मरतो.

विनायक: मग चिलखतातही मंत्र चालतो, असा नियम करू.

वृंदा: करून पाहिला. मग तो हरतच नाही. त्याच्याशी खेळायला कोण बसेल?

विनायक: दीड महिना हॉस्पिटलात पडून मी हेच करत होतो.

वृंदा: माहीत आहे.

विनायक: जीप उलटल्यापासून सगळे मला बरं वाटेल तेच बोलतात. कर्नलसाहेब म्हणतात, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमला टेबलावरचं काम देऊ, गणवेश राहील. आई म्हणते, तीन बोटं गेली, हात तर आहे. म्हणून तुला तपासायला दिलं.

वृंदा: म्हणून मी चाळीस वेळा खेळले.

विनायक: उद्या लिहून द्यायचंय. फौजेत राहतो की सोडतो. अर्धा शिपाई, अर्धा कारकून. काय करू?

वृंदा: पलटणीत परत घेणारच नाहीत?

विनायक: नाही. पिस्तूल धरता येत नाही.

वृंदा: बाकीचे सीमेवर जातील. तू त्यांचे कागद करशील.

विनायक: हो.

वृंदा: रोज.

विनायक: चाळीसातले एकोणतीस दिवस वाईट जातील म्हणतेस?

वृंदा: तो आकडा कागदावरच्या माणसाचा. तुझा मी काढलेला नाही. काढता येणार नाही.

विनायक: सोडून घरी बसलो तर आई दिवसभर माझ्या हाताकडे बघेल.

वृंदा: बघेल.

विनायक: राहतो, असं लिहितो.

वृंदा: बरं.

विनायक: सही डाव्या हातानं करावी लागेल. जुनीशी जुळत नाही.

वृंदा: जुळवू नकोस. नवी ठरव. फक्त दर वेळी तीच यायला हवी. हा घे कागद.

विनायक: ही बघ. आणि ही दुसरी.

वृंदा: शेवट वेगळा आला. पुन्हा कर.