पाकिटावरचं कासव

(गडचिरोली जिल्ह्यातलं गोंड आदिवासींचं एक गाव. ओसरीवर मोहाच्या लाडवांच्या पराती, बाजूला छापील पाकिटांचा खोका. सासू धुरपता आणि सून, म्हणजे मुलगा धनराजची बायको, दुर्गा समोरासमोर. सासरा लालसू खाटेवर.)

दुर्गा : भरायचेच नव्हते तर पहाटपासून मोह भाजला कशाले, आत्या?

धुरपता : भाजाले मी कधी नाई म्हटलं? भाजन, कुटन, वळन. या पाकिटात भरणार नाई, एवढंच.

दुर्गा : उद्या सकाळी गाडी येऊन राह्यली. नागपूरच्या प्रदर्शनात आपल्या बचत गटाले पयल्यांदा दुकान भेटलं. आता साऱ्या जणी भराले येतीन, अन् गटाची अध्यक्षच हात बांधून बसली तर त्या काय करतीन?

धुरपता : बसतीन माह्या बाजूले.

लालसू : ओसरीवर जागा पुरणार नाई.

धुरपता : तुमाले कोणी विचारलं, धनराजचे बाबा?

दुर्गा : यात खराब काय आहे, ते तरी सांगा. नाव आपल्या गावाचं, कोसमटोला मोह लाडू. वजन आहे, तारीख आहे, लायसनचा नंबर आहे, खाली गटाचा फोन.

धुरपता : अन् मधात हे कोण?

दुर्गा : कासव.

धुरपता : कोणाचं कासव?

दुर्गा : आपलंच. लग्नाच्या मांडवात तुमीच सांगितलं, सात देव पुजणाऱ्या कुळातली पोरगी चार देवाच्या कुळात आली, या कुळाचं कासव आता तुहं. मी इसरलो नाई.

धुरपता : मंग? जाळ्यात कासव आलं तर आपण हात जोडून परत पाण्यात सोडतो. अन् तू त्याले शहरात फाडाले पाठवून राह्यली.

दुर्गा : फाडाले कोण पाठवते?

धुरपता : हे पाह्य. वरतं पाकीट फाडाची खाच आहे ना? कुठून जाते ते? बरोबर मुंडक्यातून. गिऱ्हाईक टर्रकन ओढन. मुंडकं एका हातात, पाठ दुसऱ्या हातात. लाडू खाल्ला का दोन्ही नालीत.

दुर्गा : माह्या भावानं, सुरजनं, वाईट मनानं नाई केलं. त्याच्या छापखान्याचा मालक वाघ टाक म्हणून मांगं लागला होता. चंद्रपूरच्या साऱ्या मालावर वाघच असते. तर सुरज म्हणाला, बहिणीच्या सासरचा मान राखतो, कासव टाकतो.

धुरपता : मान राखाले गेला अन् मुंडकं खाचीत ठेवून आला.

दुर्गा : अन् वाघाचं काय, आत्या? तुमी सहा देवाच्या घरच्या. वाघ तुमच्या माहेरचा. त्याले तर विटेवर, तंबाखू-खर्र्याच्या पुडीवर, पाण्याच्या बाटलीवर छापून ठेवलं. तेव्हा बोलल्या का तुमी?

धुरपता : ते छापणारे लोकं दुसरे होते. हे आपण छापलं.

दुर्गा : चित्राबिगर माल उठत नाई. प्रशिक्षणात दाखवलं ना आमाले. दुकानात पाकिटं रांगेनं राह्यते. माणूस नाव वाचत नाई, चित्र पाहून हात घालते, अन् दुसऱ्या खेपेले तेच चित्र शोधते. वडशाच्या शेठनं काय केलं? आपलेच लाडू पोत्यानं नेले अन् वरून चष्मेवाली आजी चिपकवली. आजीचे लाडू म्हणे!

लालसू : कोण आहे ते आजी?

दुर्गा : कोणीच नाई, मामाजी. छापलेली आहे.

लालसू : गोरी आहे. बाजारात पाह्यली मी. मलेबी वाटलं, हिच्याच हातचे असतीन.

धुरपता : मंग आज तिच्याकडंच जेवा.

दुर्गा : हासा तुमी. भाजून भाजून हात आपले काळे, अन् लोकाले माहीत ते चष्मेवाली. उद्याची गाडी रिकामी गेली का शेठचा टेम्पो आलाच समजा. मंग जन्मभर तिचेच लाडू.

धुरपता : ते मले समजत नाई का, पोरी?

दुर्गा : समजते तर मंग?

धुरपता : समजते, तरी भराले हात धजत नाई.

दुर्गा : मामाजी, आमी दोघी लग्नानं आलो. कासव जन्मापासून तुमचं. तुमीच सांगा.

लालसू : मले भूक लागली.

दुर्गा : मामाजी!

लालसू : दे ना एक पाकीट भरून. खाऊन सांगतो.

दुर्गा : घ्या. भरलं, मशीननं चिपकवलंबी. आता तुमी गिऱ्हाईक.

लालसू : चांगलं दिसते. पाठ मस्त काढली पोरानं.

दुर्गा : हो ना? फाडा आता. खाच तिथी आहे.

लालसू : दिसली.

दुर्गा : मंग ओढा. उलटं काऊन केलं? खालून नाई फाटत ते. अन् चाकू कशाले?

लालसू : खालून कापतो.

दुर्गा : नागपूरचं गिऱ्हाईक चाकू घेऊन फिरते काय! वरून ओढा ना.

लालसू : मी काई म्हणून नाई राह्यलो, दुर्गा. शाई आहे, मले समजते. पण बोटं तिथी जाऊन थांबले. हे पाह्य, थांबलेच आहेत.

धुरपता : पाह्य आता तूच.

दुर्गा : तुमी बोलू नका, आत्या. द्या इकडं, मामाजी. मी फाडतो.

लालसू : फाड.

धुरपता : काय झालं?

दुर्गा : काई नाई. हात तेलकट आहे.

लालसू : पूस.

दुर्गा : पुसला.

धुरपता : राहू दे, बाई. ठेव खाली.

दुर्गा : मोबाईल द्या माहा. हॅलो, सुरज? नाई रे, छपाई चांगली आली. रडून नाई राह्यलो, चुलीचा धूर आहे. आइक, साध्या पारदर्शक थैल्या भेटतीन काय आज? बिनछापील. अन् कागदाच्या चिठ्ठ्या छाप. गावाचं नाव, वजन, तारीख, नंबर, फोन. संध्याकाळच्या बसमधे कंडक्टरजवळ दे. चित्र? नाई. वाघबी नाई. सासरचे रागावले नाई, बाबा. मीच म्हणून राह्यलो. हो, तेवढी जागा कोरी राहू दे.

धुरपता : अन् हे खोकाभर?

दुर्गा : चुलीत टाकू?

धुरपता : कासव चुलीत टाकते?

दुर्गा : फेकताबी येत नाई, जाळताबी येत नाई.

धुरपता : माळ्यावर ठेव. वरून कपडा टाक, उंदरं येते.

दुर्गा : बाजूच्या दुकानात रंगीत पाकिटं राह्यतीन, अन् मी साध्या थैल्या घेऊन बसन. लोकं विचारतीनच, काऊन बाई, तुमच्या मालावर चित्र नाई? काय सांगू त्याईले?

लालसू : आहे म्हण. घरी ठेवलं आहे.